समक्ष पाहिले

गुरुग्रामच्या त्या हॉटेलचं दार उघडायला सुनंदाने हात पुढे केला आणि हात तिथेच राहिला. दाराला मूठ म्हणून जे बसवलं होतं ती रेल्वेच्या सिग्नल केबिनमधली लिव्हर होती. चांगली छातीएवढ्या उंचीची, लोखंडाची, वरचं टोक माणसांच्या तळव्यांनी घासून गुळगुळीत झालेलं, आणि मध्यावर पितळेची छोटी पाटी: अकरा, अप होम, म्हणजे स्टेशनात शिरणाऱ्या गाडीच्या सिग्नलची. पाटी ब्रासोने घासून लखलखीत केली होती. मागून रुचिता म्हणाली, "आई, पुढे हो ना यार, लोक थांबलेत." लेकीला बढती मिळाली होती, तिने हौसेने आईवडिलांना जेवायला आणलं होतं, तेव्हा दाराशीच खोळंबून राहणं काही बरं दिसत नव्हतं. सुनंदा आत गेली. आत भिंतीवर तसल्याच आणखी सहा लिव्हर ओळीने ठोकल्या होत्या आणि त्यांवर गिऱ्हाइकांचे कोट टांगलेले होते. जेवण चांगलं असणार, कारण नवऱ्याने, जयंतने, दोनदा वाढून घेतलं. सुनंदाला चव लागली नाही. ती कोटांच्या फटीतून आकडे वाचत होती. सात, नऊ, चौदा. निमाणा स्टेशनच्या केबिनमध्ये वीस लिव्हर होत्या हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या तिने जन्मात कधी पाहिल्या नव्हत्या हेही तितकंच पक्कं ठाऊक होतं. जयंतने विचारलं, बरं वाटत नाही का. ती म्हणाली, पनीर जड झालं.

रेल्वेच्या भांडार विभागात तिची तेहतीस वर्षं गेली. खिळ्यापासून इंजिनापर्यंत जे जे रेल्वे विकत घेते आणि जे जे टाकून देते, त्याचे कागद या विभागातून जातात, आणि गेली वीस-बावीस वर्षं सुनंदाच्या वाट्याला टाकून द्यायची बाजू आली होती. एखादी वस्तू भंगारात काढायची तर तिघांची समिती असते. एक यंत्र विभागाचा, एक भांडाराचा आणि तिसरा वरच्या कचेरीतला. तिघांचं मत एकच हवं. छापील अर्जाच्या तळाशी एक वाक्य असतं, की वरील वस्तू आम्ही समक्ष पाहिली असून ती निकामी झाल्याची खात्री केली आहे. आता, समक्ष कुणी जात नाही. अर्ज टेबलावर येतो, पाठोपाठ चहा येतो, चहा निवायच्या आत सही होते. यात कुणी चोर नसतं, कुणाच्या घरी काही पोचत नसतं, फक्त अशी पद्धत आहे, आणि पद्धत मोडून जाणाऱ्याकडे बघून लोक हसतात. सुनंदाने कधी कुणाला हसायची संधी दिली नाही. दोन हजार तीन साली एका यादीत नववी नोंद होती: लिव्हर फ्रेम, वीस लिव्हरची, केबिनसह, निमाणा. त्या आठवड्यात रुचिताला गोवर निघाला होता आणि सुनंदाला चारची बस गाठायची होती. तिने यादीतल्या वस्तू मोजल्यासुद्धा नाहीत. सही मात्र नेहमीसारखी गोल, सुबक आली होती, हे तिला आज वीस वर्षांनी स्पष्ट आठवलं.

दुसऱ्या दिवशी मेट्रोत उभ्या उभ्या ती स्वतःची समजूत घालत होती. प्रत्येक स्टेशनाला अप होम असतो. त्या लिव्हर कुठल्याही असतील, राजस्थानातल्या असतील, गुजरातेतल्या असतील, हॉटेलवाल्यांनी हुबेहूब नव्या करून घेतल्या असतील. पण समजूत पटेना, कारण प्रश्न त्या लिव्हरचा नव्हताच. पाहिलं म्हणून लिहिलं आणि पाहिलं नव्हतं, हे कुठल्याही लिव्हरने बदलत नव्हतं. तिला वडील आठवले. कोपरगावच्या बाजूला साखर कारखान्यात ते फिटर होते, आणि एरवी गरीब गायीसारखा हा माणूस एकाच गोष्टीवर भडकायचा. कुणी लांबून यंत्राकडे बोट दाखवून, हे गेलं, असं म्हणालं की संपलं. आधी हात लाव, मग बोल, म्हणायचे. खंडेनवमीला कारखान्यातल्या लेथला हळदकुंकू आणि झेंडूची माळ असायची, आणि त्या दिवशी साहेब आला तरी लेथ चालू व्हायचा नाही. लहानपणी सुनंदाला याची लाज वाटायची. मैत्रिणींचे वडील देवाला नमस्कार करायचे, तिचे वडील तेलकट लोखंडाला. नंतर ती शिकली, परीक्षा दिल्या, दिल्लीला आली, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात संसार मांडला, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत अथर्वशीर्ष म्हणायला लागली आणि लोखंडाशी तिचा संबंध फक्त टनांत उरला. कश्मिरी गेटला गाडी बदलताना गर्दीने तिला ढकललं. तिला राग आला, गर्दीचा नव्हे, स्वतःचा, आणि तो राग तिने जिन्यावरून वर सोबत नेला.

टेबलावर नवी यादी पडलेलीच होती. मार्चअखेर जवळ आली की भंगार साफ करण्याची मोहीम निघते आणि सगळ्यांच्या अंगात येतं. तिसरी नोंद तिने वाचली आणि पुन्हा वाचली. टर्नटेबल, मीटर गेज, हाताने फिरवायचं, निमाणा. स्थिती: जाम, निकामी. यंत्र विभागाच्या दहियासाहेबांची सही आधीच झाली होती, तिसऱ्या सदस्याने तर फोनवरूनच होकार कळवला होता. उरली होती ती भांडाराची रिकामी चौकट. टर्नटेबल म्हणजे काय हे सुनंदाला पुस्तकातून माहीत होतं. वाफेच्या इंजिनाला तोंड आणि पाठ असायची. आलं तसं उलटं जाणं त्याला जमत नसे, म्हणून गोल खड्ड्यात एक लोखंडी पूल मधल्या खुंटावर तोललेला असे, इंजिन त्यावर चढवायचं, दोन माणसांनी दोन टोकांना दांडे धरून ढकलायचं, की इंजिनाचं तोंड फिरलं. मीटर गेजच्या, म्हणजे अरुंद रुळांवरच्या, गाड्या बंद होऊन तीस वर्षं झाली. त्या खड्ड्याकडे जाणारा रूळही आता नसणार. यात रडण्यासारखं काही नव्हतं. तिच्या निवृत्तीला सात आठवडे होते, घरी अर्धे खोके बांधून झाले होते, निरोप समारंभासाठी कुणीतरी शालीचा रंग विचारून गेलं होतं. तिने पेनाचं टोपण काढलं. मग परत लावलं, फोन उचलला आणि दहियासाहेबांना सांगितलं, निमाण्याला जायचं आहे, शनिवारी, तुम्हीही या. ते हसले, चांगलं मोकळं हसले, आणि म्हणाले, मॅडमना जाता जाता पिकनिक हवी असेल तर जीप काढतो.

निमाणा म्हणजे हरियाणाच्या अंगाला, मोहरीची शेतं आणि गोदामं यांच्या मधे विसरून राहिलेलं स्टेशन. नव्या रुंद रुळांवरून गाड्या न थांबता निघून जातात. जीप जुन्या यार्डात शिरली तेव्हा सुनंदाने आधी केबिनची जागा शोधली. तिथे जोतं होतं फक्त, त्यावर कुणीतरी गोवऱ्या थापल्या होत्या. तिने बघितलं आणि बघतच राहिली. हे मी केलं, असं तिने मनात शब्द लावून म्हटलं, कारण शब्द न लावता सोडलं तर ते उद्यापर्यंत विरून जाईल हे तिला स्वतःविषयी माहीत होतं. दहियासाहेब पुढे चालले होते. उंच, जाडजूड, बोलायला गोड माणूस. यंत्रावर प्रेम असलेला इंजिनिअर म्हणून नोकरीत आला आणि फायलींवर तरबेज झाला, अशी त्यांची ख्याती. टर्नटेबलचा खड्डा निंबाच्या पाल्याने भरला होता. पूल गंजून काळपट तांबूस झालेला, कडेला ओतीव लोखंडात कारखान्याचं नाव आणि अठराशे ब्याण्णव. खड्ड्याच्या काठाला मळकट स्वेटर घातलेला एक म्हातारा उभा होता. त्याने सलाम केला. मागच्या जुन्या क्वार्टरात राहतो, नाव हरिदास, इथे फिटर होता, एवढं जीपच्या ड्रायव्हरने सांगितलं. दहियासाहेबांनी बरोबर आणलेल्या चौघा गँगमनांना, म्हणजे रुळांवरच्या कामगारांना, इशारा केला. त्यांनी एका टोकाचा अडसर, म्हणजे पूल काठाला अडकवून ठेवणारी जाड लोखंडी पट्टी, वर उचलला आणि दांड्याला खांदे लावले. जोर केला. मानेच्या शिरा दिसायला लागल्या. पूल तसूभरही हलला नाही.

"देख लिया मैडम?" दहियासाहेब म्हणाले. "जाम है. अब तसल्ली से साइन कर दो."

त्यांच्या आवाजात खोट नव्हती. त्यांनी महिन्यापूर्वीही हेच बघितलं होतं, म्हणजे माणसं पाठवून बघून घेतलं होतं, आणि त्या माणसांनीही हाच अडसर उचलून हेच सांगितलं होतं. सुनंदाला एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचीच तिला शरम वाटली. आली होती, पाहिलं होतं, आता सही खरी होईल. एवढ्यासाठीच तर आली होती ना? की आयुष्यात एक तरी सही खरी करावी, आणि शाल घेऊन घरी जावं? जीपच्या बॉनेटवर अर्ज ठेवून तिने टोपण काढलं. बोटांना थंडी वाजत होती. काहीतरी राहिलं होतं. चौघांनी ढकललं, दहियांनी पाहिलं, आपण पाहिलं. पण पाहिलं म्हणजे लांबूनच की. दहा पावलांवरून. वडील असते तर त्यांनी कागद हातातून ओढून घेतला असता. तिने अर्ज पर्समध्ये कोंबला, पदर खोचला आणि साठीच्या उंबरठ्यावरची, गुडघे धरणारी बाई ज्या बेताने उतरेल त्या बेताने खड्ड्यात उतरली. दहियासाहेब म्हणाले, मॅडम साप-बिप असेल. तिने ऐकलं नाही. पाल्यातून चालत ती मधल्या खुंटापाशी गेली आणि तिने तळवा टेकवला. लोखंड गार होतं. आणि तळवा उचलला तर बोटांना मऊ, पिवळं ग्रीस लागलं होतं. तीस वर्षं कुणी न वापरलेल्या यंत्राला. जरा वर, खुंटाच्या मानेला, मळलेला लाल पिवळा धागा बांधलेला होता आणि कुंकवाचा सुकलेला टिळा होता. तिने वर पाहिलं. म्हातारा तिच्याकडेच बघत होता.

तिने विचारलं, हे कोण करतं. हरिदास म्हणाला, मीच, दरसाल विश्वकर्मा पूजेला. त्या दिवशी इंजिन शेडमधले सगळे आपापल्या यंत्राची पूजा करायचे, शेड गेली, माणसं गेली, हे राहिलं, मग पूजाही राहिली. नुसतं कुंकू लावून भागत नाही, तेल पाणी केलं नाही तर ती कसली पूजा. सुनंदाने विचारलं, मग फिरत का नाही. यावर तो जे बोलला ते अगदी साध्या आवाजात बोलला.

"फिरेगा क्यों नहीं, बहनजी. दूसरी कुंडी तो किसी ने खोली ही नहीं."

दोन टोकं होती, तर कुंड्या म्हणजे अडसरही दोन होते. चौऱ्याण्णव साली शेवटचं इंजिन गेलं तेव्हा पोरं पुलावर बसून गरगर फिरायची, एकाचा पाय चिरडता चिरडता वाचला, म्हणून त्या वेळच्या साहेबाच्या तोंडी हुकमाने हरिदासने दोन्ही टोकांचे अडसर घातले होते. पलीकडच्या टोकावर नंतर माती ढासळली, निंबाची रोपं उगवली, आणि तिकडचा अडसर कुणाला दिसेनासा झाला. एकच कडी काढून दार लोटणाऱ्या माणसांनी दार जाम आहे असं लिहून टाकलं होतं. दहियासाहेबांनी जरा चढ्या आवाजात विचारलं, हे आमच्या माणसांना का सांगितलं नाहीस. हरिदास म्हणाला, साहेब, मला कुणी विचारलं नाही, मागल्या खेपेला आले ते तर माझ्याशी बोललेच नाहीत, जोर लावला, फोटो काढला नि गेले. गँगमनांपैकी एकजण हसला आणि त्याने तोंड फिरवलं. दहियासाहेबांचे कान लाल झाले होते.

फावडं आणलं गेलं. रोपं निघाली, माती निघाली, गोणपाट निघालं, गोणपाटाखाली काळ्या ग्रीसमध्ये गुंडाळलेला अडसर निघाला. हरिदासने तो हातोडीच्या तीन ठोक्यांत वर उचलला. चौघे पुन्हा दांड्याकडे निघाले, तेव्हा सुनंदा म्हणाली, तुम्ही नको. इंजिन नाही वर, रिकामा पूल आहे, दोन माणसं पुरतात असं पुस्तकात लिहिलं आहे, दोघंच ढकलू. एका टोकाला ती स्वतः उभी राहिली. दांडा तिच्या छातीशी येत होता. पलीकडच्या टोकाला कोण, हे तिने सांगितलं नाही, फक्त दहियासाहेबांकडे बघत राहिली. त्यांनी घड्याळ पाहिलं, बूट पाहिले, गँगमनांकडे पाहिलं, मग कोट काढून ड्रायव्हरकडे दिला. दोघांनी जोर केला. आधी काहीच झालं नाही, आणि त्या क्षणात सुनंदाच्या डोळ्यांपुढे तेहतीस वर्षं टाळलेलं हसं उभं राहिलं, मंडळातल्या बायका, शाल, खोके, तळवे सोलून घेणारी ही वेडी बाई. मग पायाखालच्या जमिनीतून खोल, जाडसर असा आवाज आला आणि दांडा तिच्यापासून पुढे सरकला. ती पडता पडता सावरली आणि त्याच्यामागे चालायला लागली. पूल फिरत होता. एकदा सुटल्यावर त्याला जोर लागतच नव्हता, नुसतं सोबत चालायचं होतं. पाला चिरडत होता, खारी पळत होत्या, समोरच्या बाजूने दहियासाहेब शर्टाच्या बाह्यांना गंज लावून घेत गोल चालले होते आणि त्यांच्या तोंडावर, ते लपवायला विसरलेलं, पंचविशीतल्या पोराचं हसू होतं. सुनंदाला फार आनंद झाला. असा आनंद तिला नोकरीत कधी झाला नव्हता, आणि याचं तिला वाईटही वाटलं, पण ते नंतर. पूर्ण फेरा झाल्यावरच ती थांबली.

कोट अंगात चढला तसे दहियासाहेब पुन्हा फाइलीत शिरले. नळावर हात धुता धुता ते समजुतीच्या सुरात बोलायला लागले. फिरतं, ठीक आहे, पण फिरून जाणार कुठे. रूळ नाही, इंजिन नाही, ही जागा माल धक्क्याला द्यायचं ठरलं आहे. सुनंदा म्हणाली, अर्जात कुठे जाणार असं विचारलेलं नाही, चालतं का एवढंच विचारलं आहे. एकशे तीस वर्षांचं यंत्र दोन म्हातारी माणसं ढकलतात आणि चालतं, याला मी निकामी लिहिणार नाही. लोकांनी इथे येऊन हे फिरवून बघावं, शाळांनी पोरं आणावीत, असंही मी सोबत लिहिणार आहे. दहियासाहेबांनी हात पुसले आणि आवाज खाली आणला. धमकी नव्हती ती, काळजीच होती, आणि म्हणून जास्त टोचणारी होती. शेवटच्या दोन महिन्यांत उलटं लिहिलंत तर वरचे विचारतील की आजच समक्ष जावंसं का वाटलं. मग मागच्या सह्या निघतील, वीस वर्षांच्या. निवृत्तीचे कागद अडकतील, मॅडम, तुमचं नाव स्वच्छ आहे, ते कशाला मळवता.

सुनंदाला भीती वाटली. खरीखुरी. नाव स्वच्छ आहे हीच तर तिची एकुलती एक कमाई होती, जयंतला, रुचिताला, मंडळात, सगळीकडे तिची ओळख तीच होती. आणि ते नाव कशावर उभं होतं, तर शेण थापलेल्या त्या जोत्यावर. भीती वाटत असतानाच तिला जाणवलं की आपला राग अजून गेलेला नाही, आणि तो भीतीपेक्षा मोठा आहे. तिने केबिनच्या जोत्याकडे हात केला.

"साहब, वो केबिन मैंने बिना देखे कटवाई है. यह मैं ख़ुद लिखकर दूँगी, निकालने की ज़रूरत नहीं पड़ेगी."

तिने जीपच्या बॉनेटवर अर्ज पसरला. चुरगळला होता, तो तळव्याने सपाट केला, तर त्यावर ग्रीसचा पिवळा पंजा उठला. 'जाम, निकामी' यावर तिने एक आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, चालू स्थितीत, दोन्ही अडसर काढून स्वतः फिरवून पाहिले, एक पूर्ण फेरा. सही केली. या खेपेला ती गोल आली नाही, वेडीवाकडी आली. दहियासाहेबांनी कागद दोनदा वाचला. तिघांचं मत एक नाही म्हणजे यादीतून ही नोंद आज तरी गळाली, हे त्यांनाही कळलं होतं आणि तिलाही. ते म्हणाले, तुमच्या जागी जो येईल तो एप्रिलमध्ये सही करून टाकेल, मग या सगळ्याचा काय उपयोग.

"करे," सुनंदा म्हणाली. "पर पहले उसे लिखना पड़ेगा कि मैं झूठी हूँ. और वो लिखने के लिए यहाँ आकर धक्का लगाना पड़ेगा."

तिकडे हरिदास सवयीने पहिला अडसर खाली पाडायला निघाला होता. तीस वर्षं त्याने हेच जपलं होतं, यंत्र जागेवर बांधून ठेवणं. सुनंदाने त्याला काठावरूनच हाक मारली आणि सांगितलं, राहू दे, दोन्ही उघडे राहू देत. हरिदास म्हणाला, बहनजी, गावातली पोरं येतील, बसतील, दिवसभर फिरवत राहतील. ती म्हणाली, तुम्ही इथे उभे राहा आणि त्यांना पाय सांभाळून बसायला शिकवा, पण फिरवू द्या, मोठ्यांनाही फिरवू द्या, हे फिरतं हे सगळ्या निमाण्याला कळू द्या. हरिदासने हातातली हातोडी पिशवीत टाकली. दहियासाहेब जीपमध्ये बसून हॉर्न वाजवत होते. सुनंदाने त्यांना हातानेच थांबायला सांगितलं आणि ती आणखी एकदा दांड्यापाशी गेली.